डाव्या हाताचं काम

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्क जॅझ पियानोवादक आणि त्यांची थोरली बहीण बसली होती.

"डावा हात अजून वळत नाही तुझा. शनिवारचा कार्यक्रम जमणार नाही म्हणून कळव."

"कळवलं, ताई. पियानो नको, ऑर्गन ठेवा म्हटलं."

"त्याला हात लागत नाहीत?"

"उजवा लागतो. खालचे सूर पायाशी असलेल्या पट्ट्यांवर पायांनी वाजवता येतात. डाव्याचं काम पाय करतील."

"जमेल?"

"सकाळी चर्चमध्ये ऑर्गन, संध्याकाळी क्लबात पियानो, असाच जन्म गेला. तू म्हणायचीस, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस."

"पडशील म्हणून जीव घाबरायचा रे."

"पडलो का?"

"नाही."

"मग येशील ना? पहिल्या रांगेत बसवतो."

"रांग कुठलीही दे. तुझे पाय दिसले पाहिजेत."