जगूअण्णा ट्रंपेट शिकले त्याची गोष्ट

मंडळी, आज आधी प्रश्न, मग गोष्ट. एखाद्या माणसासाठी आपण मरमर मरतो, हाडाची काडं करतो. ते सगळं प्रेमच असतं का?

घाईनं माना डोलवू नका. गेल्या वर्षी याच देवळात कीर्तनाला उभं राहून मीही मान डोलवली होती, आणि तोंडावर आपटलो होतो. कसा आपटलो, तेच आज सांगायचंय.

ऐका. ओढ्याकाठच्या एका गावात जगन्नाथअण्णा नावाचे गृहस्थ. सगळे म्हणायचे जगूअण्णा. दूध डेअरीत सुपरवायझर होते. तीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी शोधलं! स्वतःत किती पाणी आहे ते कुठलं यंत्र सांगणार? असो. निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांच्या मंडळींनी, हौसाबाईंनी, अंथरूण धरलं. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघतील, गुढीपाडव्याचं सांगता येत नाही.

अण्णा बायकोच्या उशाशी बसले. "हौसा, काय पाहिजे तुला? सांग. आजवर तू काही मागितलं नाहीस."

ती म्हणाली, "शिदबा मास्तरांना एकदा घरी बोलवा."

शिदबा मास्तर कोण? ओढ्यापलीकडच्या वस्तीतले बँडवाले. ट्रंपेट वाजवायचे. हौसाबाईंच्या लग्नात हेच होते, तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर. पाठवणीच्या वेळी ही एकोणीस वर्षांची मुलगी आईच्या गळ्यात पडून रडतेय, सुटता सुटत नाही. सगळा बँड थांबला, आणि या शिदबानं गाडीजवळ येऊन एकट्यानं एक चाल वाजवली. हळू. तिचं रडू थांबलं. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत तो वाजवत राहिला. ती चाल तिला पुन्हा ऐकायची होती.

अण्णा म्हणाले, "एवढंच ना? सांगतो त्याला. रस्त्यावर उभा राहून वाजवेल."

"रस्त्यावरनं नको," हौसाबाई म्हणाल्या. "जन्मभर त्यांनी आपल्या दाराबाहेरच वाजवलं. दारातल्या लग्नात वाजवलं, बारशात वाजवलं, आणि चहा घेतला तो फाटकापाशी, उभ्यानं. एकदा आत येऊ दे. इथं खुर्चीवर बसून चहा घेऊ दे. मग वाजवू दे."

अण्णा काय म्हणाले असतील? तेच, जे आपण सगळे म्हणतो. "अगं, माझं काही नाही. मी असलं मानत नाही. पण आईला चाललं नसतं."

मंडळी, आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती! ती बिचारी भिंतीवर हार घालून बसलेली, तिला विचारतो कोण? आणि आई सरली की भावकी. भावकी काय म्हणेल? माणसाला नाही म्हणायचं असलं की मेलेले आणि लांबचे, सगळे कामाला येतात.

पण बायकोला सरळ नाही कसं म्हणायचं? अण्णांनी तोड काढली. म्हणाले, "त्याला कशाला? मीच शिकतो. मीच वाजवून दाखवतो तुला."

मिरजेहून जुना ट्रंपेट आणला. मोबाईलवर बघून शिकायला बसले. वय एकोणसाठ! पहिले आठ दिवस नुसती हवा. त्या वाद्याची गंमत अशी, की फुंकून ते वाजतच नाही. ओठ मिटून थरथरवावे लागतात, त्या थरथरीचा आवाज होतो. अण्णा गाल फुगवून फुंकायचे. जो आवाज निघायचा तो ऐकून शेजारची म्हैस पान्हा चोरायला लागली. शेजारी भांडायला आले. मग अण्णा गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत जाऊन बसू लागले. रोज चार तास. ओठ फुटले, सुजले, रक्त यायचं. गरम चहा पिता येईना. एक सूर सरळ धरायला तीन महिने गेले.

गावात बोलबाला झाला. नवरा असावा तर असा! आणि माझ्या कानावर आलं. मी काय, आयता दृष्टांत सोडतोय होय? इथंच उभा राहून म्हणालो, "साधना बघा या माणसाची, प्रेम बघा." तुम्ही टाळ्या वाजवल्या. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

आणि हौसाबाई? त्या चार तास एकट्या पडून असायच्या. तोंडात पाणी घालायला शेजारीण यायची.

एक दिवस खाणीच्या वरच्या कडेला शिदबा मास्तर येऊन उभे राहिले. आवाज ऐकून आले होते. लांबूनच म्हणाले, "अण्णा, रागावू नका. गाल फुगवू नका, ओठ मरतील. कुणासाठी शिकताय?"

बघा हं. इथं सगळं बदलता आलं असतं. नुसतं म्हणायचं होतं, "शिदबा, हौसाला तुझी चाल ऐकायचीय." तो माणूस त्या पावली पळत गेला असता.

अण्णा म्हणाले, "हौस म्हणून शिकतोय. तू जा."

शिदबा गेले.

माघ लागला. हौसाबाईंचं अन्न सुटलं. अण्णा घाबरले, ट्रंपेट घेऊन उशाशी बसले आणि वाजवलं. पाच-सहा सूर लागले, पुढे चिरकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चिरकलं. ओठातलं रक्त हनुवटीवर आलं.

हौसाबाई म्हणाल्या, "चांगलं वाजवलंत. ओठाला तूप लावा." आणि जरा वेळानं विचारलं, "मास्तर येणार नाहीत ना?"

"मी वाजवलं की," अण्णा म्हणाले.

हौसाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

अंगणात माणसं जमली. शेजारणीनं कुणाला तरी सांगितलं, त्यानं शिदबांना सांगितलं. ते आले, ट्रंपेट काखेत धरून फाटकाबाहेर उभे राहिले. अण्णांनी पाहिलं. उठले. सगळ्या भावकीदेखत फाटकापाशी गेले आणि त्यांचा हात धरला.

"मास्तर, आत चला."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी त्यांना मास्तर म्हटलं.

शिदबांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, "आता आत कुणासाठी येऊ, अण्णा? वाजवतो. इथनंच वाजवतो. आमाला सवय आहे."

आणि वाजवलं. अख्खी चाल. अण्णा ऐकत उभे राहिले. त्यांना कळलं, की ती चाल शिकायला अवघड होती, पण ऐकवायला फार सोपी होती. एक दार उघडायचं होतं.

हे मला कुणी सांगितलं? अण्णांनीच. परवा माझ्या घरी आले, तो ट्रंपेट माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही माझं कौतुक केलंत. ते परत घ्या. मी तिच्यासाठी शिकलो नाही. त्याला घरात घ्यावं लागू नये म्हणून शिकलो." त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही मला.

म्हणून मंडळी, ते कौतुक मी आज इथं, तुमच्यासमोर परत घेतो. आणि तुम्हाला विचारतो. आपण उपास करतो, अनवाणी चालतो, देवापुढं गुडघे झिजवतो. देवानं हे मागितलंय का, की त्यानं जे मागितलं ते द्यायला नको म्हणून चाललंय हे?

उत्तर तोंडानं देऊ नका. आजच्या पालखीपुढं ज्यांनी दोन तास वाजवलं, ते पाचजण आत्ता बाहेर पायरीखाली बसलेत. मघाशी त्यांचा प्रसाद द्रोणात घालून बाहेर नेताना मी बघितला. इथं पुढं सतरंजी मोकळी आहे.

गजर मी सुरू करणार नाही. टाळ खाली ठेवलेत. उभा आहे मी. तुमच्यातलं कोण उठून बाहेर जातंय, तेवढं बघतो.