सात नंबर यादीत शेवटी

—नाही नाही, दोरी आत्ताच नका टाकू श्यामलालभाऊ. सात नंबरची डुकरीण तुम्हालाच देणार, तिरोड्याहून गाडी घेऊन आले तुम्ही – अन् यादीत शेवटी आलेली मादी ठेवायची नाही हा नियम माझाच. पण ती शेवटी कशी आली ते तर ऐका! तुम्हाला कापायची आहे, तुम्हाला काय त्याचं – खरं आहे, तरी ऐका. निवड निर्देशांक म्हणतात त्याला. पिल्लं किती झाली, दूध तोडताना त्यांचं वजन किती, पाठीवर चरबी किती – ज्याचं मोल जास्त त्याला गुण जास्त, सगळ्याची बेरीज, अन् मादीमागे एक आकडा. मग तोंड पाहायचं नाही, माया लावायची नाही. एमएस्सी करून हेच शिकले मी. सासूबाई म्हणतात, पोवाराच्या घरची सून अन् डुकरं तोलून राहिली – आंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी फिरकू देत नाहीत.

तर चार नंबर पहिली. अकरा पिल्लं, दोन महिन्यांत एकेक गुबगुबीत. सातची सहाच, तीही वाळकी. आता तुम्ही विचारान, काऊन वाळकी? – नाही विचारलं? मीच सांगते. चारला दूध पुरत नव्हतं, म्हणून तिची पाच पिल्लं मी तिसऱ्या दिवशी सातच्या अंगावर लावली. घेतली बिचारीनं, हुंगूनही पाहिलं नाही. अन् तोलायच्या दिवशी मी शहाणी काय करते? जन्मल्यावर आईच्या नंबराची कानावर पाडलेली खाच पाहते. खाच चारची, म्हणून वजनही चारच्या नावावर! दूध सातचं, गुण चारला. हे कधी कळलं म्हणता? आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता—

नाही, खोटं कायले बोलू. परवाच कळलं, अंगणवाडीत. पण यादी सगळ्यांना दाखवून झाली होती, तुम्हालाही फोन झाला होता – मग म्हटलं, राहू दे. माझी गुंजन पाच महिन्यांची. काट्यावर ठेवली तर ताई बायांना म्हणाल्या, पाहा, आई शिकलेली असली की असं असतं! अन् मला दूधच नाही भाऊ. माझी जाऊ अंजू पाजते तिला – तुम्हाला कायले सांगून राहिले मी हे? – एका बाजूला तिचा मुन्ना, एका बाजूला माझी. मुन्नाचं वजन कमी भरलं. ताई अंजूलाच रागावल्या, पोराकडे लक्ष नाही का म्हणून. अंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे पाहून राहिले.

हसता कायले? हसत नाही? मग असे काय पाहून राहिले? उचला ती दोरी. नाही, सात देत नाही. चारही नाही. गाडी रिकामी न्या. अन् फाटकापाशी अंजू उभी दिसन, तिला काही सांगू नका – ते मी सांगीन. आजच. सांगीन म्हटलं ना! जा बा आता तुम्ही.