उलटे म्हैने

माझं गाव कराडपासनं आत, शाळा दुसरीपतूर झाली, म्हंजे अक्षरं लावता येत्यात पर एकेक करून, दमानं. लगीन झालं आन् सा म्हैन्यांत मालकांची बदली हिकडं लखनौला, रेल्वेत खलाशी, म्हंजे हाताखालचे कामगार व्हते ते, मानक नगरला मोठ्या साह्यबांची कॉलनी हाय न्हवं, तिच्या मागच्या अंगाला आमच्यासारख्यांची क्वार्टरं व्हती, दोन खोल्या आन् पुढं तुळशीपुरती जागा. काय सांगू तुमाला, पयलं वरीस म्या कुनाशी बोललेच न्हाई, भाजीवाला भैया काय म्हनतो ते समजंना, म्या नुसतं बोट दावायची, हे दे, ते दे. आता सत्तरी उलटली, पन्नास वर्सं हिकडंच गेली, आता हिंदीच त्वांडात येती, भाजीला सब्जी म्हनते, उनाला धूप म्हनते, गावाकडं गेले की जावा हसत्यात, म्हनत्यात आली बगा भय्यीण.

मालकांचं एक सांगते, मग पोरीचं सांगते, कारन ते सांगितल्याबिगर हे समजायचं न्हाई. मालकांची नजर अधू झाली व्हती. रेल्वेत मेडिकल असतंय, भितीवर अक्षरांचा तक्ता, लांब उभं करून वाचायला लावत्यात, न्हाई वाचला तर अनफिट. मालक घाबरले. त्यांच्या एका जोडीदारानं समदी अक्षरं कागदावर उतरून आनली, इंग्लिश अक्षरं, मला ती चित्रंच, एक घरासारखं, एक आकड्यासारखं. रोज कामावरनं आले की म्या चुलीम्होरं कागूद धरून बसायची आन् ते तिकडं तोंड करून म्हनायचे, म्या बोट फिरवायची, चुकलं की म्हनायची, अहो न्हाई, आकडा आधी. पंधरा दिसात पाठ. पास झाले, म्या शिरा केला. रिटायर हुस्तवर कामावर राहिले, कुनाचं काय वाईट झालं न्हाई. तर ही खोड मला तवापासनंची, आपल्या मानसाला परीक्षेत पास करायचं, मग कसं का हुईना.

मालक गेले त्याला आठ वर्सं झाली. क्वार्टर तर आधीच सुटलं व्हतं, आता आमी कॉलनीच्या बाहीर भाड्यानं ऱ्हातो, ल्योक दिलीप, सून सुनीता, नात कोमल आन् म्या. दिलीप हजरतगंजला दुकानात हाय, सकाळी मेट्रोनं जातो ते दिवा लागल्यावर येतो. सून लोकांची कापडं शिवती. म्हनून कोमल तशी माझ्याच हाताखाली वाढली. म्या मराठीत बोलायची, ती हिंदीत जवाब द्यायची, पर आजी मातर आजीच म्हनायची, दादी न्हाई.

नववीत असताना तिला कुनी मैत्रिनीनं मैदानावर नेलं. आली ती गुडघे फोडूनच. म्हनली, आजी, रग्बी है. म्हनलं ते काय असतंय? मग म्या बघायला गेले. क्लब म्हंजे काय मोठं न्हाई हो, एक उघडं मैदान, दोन बाजूला उभे बांबू आन् मधी एक आडवा, एक इरफान सर, सकाळी ते कुठल्या शाळेत खेळ शिकवत्यात आन् दुपारनं हितं येत्यात, आन् पंधरा-सोळा पोरी, एकीचा बाप इस्त्रीवाला, एकीचा कुठं गार्ड, आन् शबाना म्हनून हाय तिचा बाप मलिहाबादकडं आंब्याच्या बागा राखतो. चेंडू बी आंब्यासारखाच, लांबट. आन् गंमत बगा, चेंडू हातानं फुडं टाकायचा न्हाई, टाकायचा तर मागच्या पोरीकडं, आन् फुडं न्यायचा तर आपुन छातीशी धरून पळायचं, मग समोरच्या पोरी येऊन कंबरंला मिठी मारून पाडत्यात. म्या पयल्या दिवशी किंचाळले, अगं मारली पोरीला! समद्या हसल्या.

जर्सीचा एकच संच. आधी घरोघर पाळीनं धुवायच्या, पर कुनाची आई कामाला, कुनाकडं पानी न्हाई, म्हनून म्या म्हनलं आना हिकडं. तवापासनं बादलीभर जर्सी माझ्याकडं. पोरी समद्या मला आजीच म्हनायला लागल्या, शबाना बी आजी, सर तेवढं अम्मा म्हनत्यात. आमचा खेळ दिवाळीपासनं होळीपतूर, आन् लखनौचा कोहरा, ते धुकं, तुमी बघितलाय का, धा-धा दिवस धूप न्हाई, कापड वाळत न्हाई, म्या जर्सी पंख्याखाली टांगायची, थंडीनं कुडकुडायची आन् पंखा चालू, सून म्हनायची आईंचं डोकं फिरलंय.

आता हाच सरलेला हिवाळा. स्टेटच्या संघाची ट्रायल व्हती, अठराच्या आतल्या पोरींची. सर म्हनले व्हते कोमलचं पक्कं. ती सप्टेंबरात अठराची व्हनार, म्हंजे त्या गटात ही शेवटचीच बारी. स्टेट खेळली की सर्टिफिकेट, मग खेळाच्या कोट्यातनं नोकरीला अर्ज करता येतो. ती मला म्हनायची, आजी देखना, आजोबावाली रेलवे में लगूँगी, तुझे क्वार्टर में ले जाऊँगी. म्या म्हनायची, बया, माझी हाडं घिऊन जाशील. पर आतनं लई बरं वाटायचं.

ट्रायलच्या आधीच्या आयतवारी मलिहाबादकडं एका शाळेच्या मैदानावर मॅच झाली. म्या गेले न्हवते. पोरी जिंकून आल्या, टेम्पोत गात आल्या. सांजच्याला म्या जर्सी भिजवायला घेतल्या तर चार नंबरच्या, म्हंजे कोमलच्या, बाहीवर उलटी. म्हनलं हे काय गं? म्हनली, कुछ नहीं, समोसा खाया था, टेम्पो में चक्कर आया. म्या ती बाही तिच्याम्होरं धरली. मग जवळ येऊन बसली, हळूच म्हनली, आजी, पाडताना त्या पोरीचा गुडघा लागला डोस्क्याला, जरा वेळ समदं पांढरं झालं, पर म्या उठले, खेळले. सरांनी लांबनं बघितलं, इचारलं, तर खांद्याला लागलं म्हनून सांगितलं.

सरांचा एक नेम व्हता. डोस्क्याला लागल्याचा नुसता संशय आला तरी दोन दिवसांनी त्या पोरीला बाजूला बसवून सवाल इचारायचे, कुठल्या मैदानावर खेळलो, शेवटचा ट्राय, म्हंजे रेघंपल्याड चेंडू टेकवायचा, त्यो कुनी केला, त्याच्या आधीच्या मॅचमधी कोन जिंकलं, आन् म्हैने उलटे म्हनून दाव, डिसेंबरपासनं. अडखळली की तीन आठवडे घरी. कोमलला मंगळवारी इचारनार व्हते. तीन आठवडे म्हंजे ट्रायल गेली.

सोमवारी आमी दोघी छतावर गेलो, त्या दिवशी नशिबानं धूप पडली व्हती. ती म्हनली, आजी, तू बस पूछ. बाकीचे सवाल तिनं बरोबर सांगितले. मग म्हैने. म्या खालनं भितीवरचं कॅलेंडर काढून आनलं व्हतं, ते मांडीवर घेतलं, मागनं एकेक पान उलटत गेले. डिसेंबर म्हनली, नोव्हेंबर, ऑक्टोबर, आन् थांबली. माझ्याकडं बघाय लागली. मग म्हनली अगस्त. म्हनलं, अगं येडे, सप्टेंबर कुठं गेला, तुझ्या वाढदिसाचा म्हैना! हसली. परत म्हनली, परत तिथंच आडली. तवाच समजायला पायजे व्हतं मला. पर माझं डोस्कं कुठं व्हतं? मला वाटलं पाठ न्हाई, पाठ करून घिऊ. चार वाजेपतूर घोकून घेतलं तिच्याकडनं, आमच्या शाळेत पाढे म्हनायचो तसं, म्या पान उलटायची, ती म्हनायची. शेवटी डोळं मिटून घडाघडा म्हनली आन् म्या तिच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

मंगळवारी पास झाली. सरांनी पाठ थोपटली.

आता बगा, गुरवारी. दुपारचं म्या तांदूळ निवडत व्हते. कोमल वढनी डोळ्यांवर घिऊन पडलेली. म्हनली, आजी, आज क्या बना है? म्हनलं आमटी-भात, वांगी. बरं म्हनली. वाईच वेळ गेला न्हाई तर, आजी, आज क्या बना है? म्या परत सांगितलं. ताट वाढलं तवा म्हनली, आज क्या बना है? माझ्या हातातली पळी तशीच राह्यली. बाईमानसानं घरातलं घरातच ठेवायचं, हेच आमी शिकलो, सासूचं, नवऱ्याचं, पोटच्या पोराचं, कुठं बोलले न्हाई कवा. पर ते जेवन मला ग्वाड लागलं न्हाई. आयतवारी ट्रायल, तिथं मोठमोठ्या पोरी येनार, तिला पाडनार, आन् म्हैने म्या पाठ करून दिलेले.

दिलीपला सांगितलं. म्हनला, आई, झोप झाली नसंल तिची, तू उगा काय काढू नको, एवढ्या मेहनतीनं हितपतूर आलीय पोरगी.

शुक्रवारी म्या मैदानावर गेले, एकटी, काठी टेकत. आन् माझी चूक काय झाली सांगू, सरांना बाजूला घ्यायला पायजे व्हतं. पर मला वाटलं थांबले तर बोलायचा धीर जाईल, तशीच मधी गेले आन् समद्यांसमोर म्हनलं, सर जी, इसको सर में लगा है, उल्टी हुई थी, महीने मैंने रटाए हैं. कोमलनं चेंडू खाली टाकला. म्हनली, सर, आजी बूढ़ी हो गई है, कुछ भी बोलती है. असं म्हनली. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग म्हनले, आ इधर. त्यांनी पाच शब्द सांगितले, पेड़, चम्मच, असले साधे, आन् म्हनले डोळं मिटून एका पायावर उभी ऱ्हा, मग ते शब्द सांग. डोळं मिटले आन् ती कलली, शबानानं धरली म्हनून पडली न्हाई. शब्द दोनच सांगितले. सर काय रागावले न्हाईत, नुसतं म्हनले, बेटा, घर जा. मला मातर म्हनले, अम्मा, आपने? आप से तो उम्मीद नहीं थी. आता ते पाठ करून दिल्याबद्दल म्हनले का समद्यांसमोर सांगितल्याबद्दल, म्या इचारलं न्हाई.

घरी येताना ती फुडं, म्या मागं. दारात वळून म्हनली, आजी, तूने सबके सामने मेरा तमाशा बना दिया. तेवढंच.

दवाखान्यात नेलं, डोस्क्याचा फोटो काढला. काय निघालं न्हाई. डॉक्टरीन म्हनली मेंदूला हादरा बसलाय, ह्या फोटोत ते दिसत नसतं, आराम द्या, मोबाईल न्हाई, पळनं न्हाई, हे भरायच्या आत दुसरा मार बसला तर अवघड व्हतं. पर दिलीपला पयलंच तेवढं ऐकू आलं, काय निघालं न्हाई. बाहीर आल्यावर म्हनला, झालं समाधान, आई? गार्डाच्या बायकोनं तर नळावर सगळ्या बायांत म्हनलं, वाह अम्मा, मेडल आने से पहले ही फोड़ दिया. म्या हंडा उचलला आन् आले.

ट्रायल झाली. कोमलच्या जागी शबानाचं नाव लागलं. पोरगी बिचारी घरी आली, कोमलनं भितीकडं तोंड केलं. शबाना माझ्यापाशी चुलीजवळ बसली, म्हनली, आजी, वो जगह मेरी नहीं थी. म्या म्हनलं, खेळ बाई, मन लावून खेळ, जागा अशा कुनाच्या नसत्यात.

पाच आठवडे कोमलचं डोस्कं दुखत व्हतं. होळीला रंग खेळली न्हाई. मग हळूहळू बरी झाली, आता सरांनी पळायला परवानगी दिलीय, मिठी मारायची अजून न्हाई. पर अठराच्या आतली बारी गेली, आता मोठ्या बायांच्या गटात झगडायचं, ते काय सोपं न्हाई, ती बी जानती, म्या बी. माझ्याशी बोलत न्हाई. काय पायजे असलं तर आईला सांगती, आजी से कहो. जर्सी अजून माझ्याकडंच येत्यात, पर चार नंबर ती आधी काढून घेती, मोरीत बसून सोता धुती. वाळत घालताना मधी एक जागा मोकळी ऱ्हाती दोरीवर. मैदानावर गेले तर पोरी बोलत्यात, पर पयल्यासारखं न्हाई, कुनी पडली तर आधी माझ्याकडं बघती, मग उठती.

तुमी इचारलं तसं म्या मलाच इचारते, ती खेळली असती तर काय झालं असतं? कदाचित कायबी न्हाई. मालकांच्या वक्ती न्हाई का, कायबी झालं न्हाई. ते कुनाला कवा कळनार न्हाई, म्हनून तिच्याशी भांडता येत न्हाई आन् माझी मला शाबासकी बी देता येत न्हाई.

ऐकलं का? दार आपटलं. तीच आली, मैदानावरनं. रोज अशीच येती, म्या हितं बसलेली दिसते न्हवं, म्हनून मुद्दाम आपटती. सून वराडती, बिजागरी निघंल म्हनती. म्या म्हनते निघू दे, परत ठोकू. म्या हितं बसून त्या आवाजाची वाटच बघत असते बगा. येत ऱ्हा गं बाई अशीच रोज, आपटत ऱ्हा.