आमच्या दारातली लॉन

नाय, पण गवताला खत घालायचं, हे मला आधी कोणीतरी समजावून सांगा. मी सहदेव, पोलादपूरच्या वर घाटाच्या रस्त्याला आमची वाडी, वय बासष्ट, आणि या बासष्ट वर्षांत मी गवत उपटलंय, कापलंय, वाळवलंय, भारे बांधून डोक्यावरून आणलंय, म्हशीला घातलंय, भातात उगवलं म्हणून शिव्या दिल्यात... पण गवताला खत? माझ्या हातात युरियाची वाटी, आणि आमची रखमा ओटीवर उभी. म्हणते, "अवो, जास्त टाकू नका, वाढंल." म्हटलं, "वाढावं म्हणूनच टाकतोय गो." म्हणते, "आणि वाढलं की?" म्हटलं, "कापायचं." "मग टाकताय कशाला?" आता याला उत्तर हाय? तुमच्याकडं असंल तर द्या, मी तिला जाऊन सांगतो. तुम्हाला सांगतो, गवत हा काय साधा विषय नाय.

हे सगळं आमच्या अक्षयचं डोकं. अक्षय म्हणजे मुलगा, एकच हाय, चौदा वर्षं झाली मुंबईला, कुरियरच्या हापिसात. सून श्रुतिका, ती पण नोकरी करते. तर मे महिन्यात दोघं आले आणि म्हणाले, महाबळेश्वरला जाणारे लोक आपल्या दारावरून जातात, दोन खोल्या त्यांना राहायला देऊ, होमस्टे करू. म्हटलं, करा. खोल्यांना रंग दिला, संडासात टाइल्स बसवल्या, इथपर्यंत मला समजत होतं. मग एक दिवस टेम्पो आला आणि त्यातून गवत उतरलं. गुंडाळलेलं. चटईसारखं. माणसं ती चटई आमच्या अंगणात अंथरायला लागली, आणि आमच्या वाडीतली माणसं कुंपणाला लागून बघायला लागली, कारण जिथं डोळा जाईल तिथं गवत, डोंगर गवताचा, बांध गवताचा, आणि सहदेव टेम्पोतून गवत मागवतोय. आमचा शेजारी हैबती, तो तर विचारतोय, "सहदेवदादा, खाली कमी पडलं काय रे?"

मी अक्षयला बाजूला घेतलं. तर तो हळूच म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत लोक यायला लागले ना, तर मी नोकरी सोडून घरी येतो. आम्ही दोघं पण."

आता बापानं यावर काय बोलायचं असतं? म्हटलं, बघ तुझं तू. आणि गेलो म्हशीला पाणी दाखवायला. म्हैस पाणी पिऊन आधीच बसली होती, तरी दाखवलं.

तर लॉन झाली. जून लागला, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे तुम्हाला ठाऊक असंल, तो पडत नाय, राहायला येतो. पंधरा दिवसांत ती चटई घोट्याला, जुलैत पोटरीला, आणि एक दिवस रखमा भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, दारातलं गवत काढा, लोकांना वाटंल घर बंद हाय."

हसू नका. आमच्या वाडीत एकतीस घरं, त्यातली सतरा बंद. माणसं मुंबईला, विरारला, सुरतेला. आणि बंद घर ओळखायचं कसं, तर कुलूप बघायला जावं लागत नाय, दारात गवत दिसलं की झालं. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं, दुसऱ्या वर्षी कमरेएवढं, तिसऱ्या वर्षी पायरीच दिसत नाय. म्हणून आमच्या बायका रोज सकाळी अंगणातलं गवताचं पातं न् पातं उपटतात. आणि मी काय केलं, तर खत घालून वाढवलं. रखमाला रात्रीची झोप येईना. आला-गेला विचारतो, "काय गो रखमा, तुम्ही पण चाललात काय मुंबईला?"

म्हटलं कापतो. विळा काढला, तर त्याच वेळी अक्षयचा फोन, तोंड दिसणारा. "बाबा, विळा नाय, विळा नाय. लॉन मशिननंच कापतात. आणि सगळी नाय कापायची, वरचा तिसरा हिस्साच कापायचा, नायतर तिला शॉक बसतो." गवताला शॉक. मी डोंगरात आख्खी कुरणं कापलीत, त्यातल्या कोणाला शॉक बसलेला बघितला नाय. पण मुलगा परत यायचं म्हणतोय ना? मग बसू दे शॉक, नको बसू दे, जो काय असंल तो. तुम्हाला सांगतो, गवत हा काय साधा विषय नाय.

गेलो महाडला. बाजारात एक शेतीच्या अवजारांचं दुकान हाय, मालक विनीत म्हणून, शिकलेला, अगदी गोड बोलतो. दुकानात खाली काय नाय, नुसते बोर्ड. सगळी मशिनं माळ्यावर. म्हणाला, "काका, जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही माल खाली ठेवतच नाही, सावित्री नदीचं पाणी कधी दुकानात येईल सांगता येत नाही." खरं हाय, महाडकर पावसाळ्यात अर्धा संसार माळ्यावरच करतात. मग मी पण शिडीनं माळ्यावर. तिथं वाकून उभा मी, वाकून उभा विनीत, आणि तो एकेक मशीन दाखवतोय.

"हे बघा काका, हे हातानं ढकलायचं. लाईट नको, पेट्रोल नको. पण गवत बारीक हवं आणि कोरडं हवं."

म्हटलं, कोरडं?

"हे दुसरं, लाईटवरचं. आवाज कमी, वजन कमी. वायर मात्र मागे सांभाळायची. आणि गवत कोरडं हवं, ओल्यात अजिबात चालवायचं नाही."

म्हटलं, लाईट आमच्याकडं पावसात पाहुण्यासारखी येते. पुढं?

"हे पेट्रोलचं. चार चाकं, मागे गवत गोळा व्हायला पिशवी. कापण्याची उंची या दांडीनं ठरवायची. उत्तम मशीन. फक्त गवत..."

"कोरडं हवं," मी म्हटलं.

"अगदी बरोबर." म्हणजे मला समजतंय याचा त्याला आनंद झाला.

मी म्हटलं, "विनीतभाऊ, आमच्याकडं जून ते सप्टेंबर गवत कोरडं म्हणून नसतंच. दिवाळीला कोरडं होतं, आणि तेव्हा ते वाढायचं थांबतं. मग कापायचं कधी?" तो विचार करायला लागला. फार वेळ विचार केला. माझी वाकून वाकून कंबर धरली. शेवटी म्हणाला, "दोन दिवस उघडीप बघून कापा ना काका." उघडीप. दोन दिवस. पोलादपुरात. श्रावणात. बरं, खांद्याला लावायचं ते गोल पात्याचं कटर पण होतं, बांधावरचं गवत सवळायला सगळे वापरतात ते, पण विनीतनं कानाला हात लावले. "ते लॉनला नका लावू काका, टक्कल पडेल."

घेतलं पेट्रोलचं. लाल रंगाचं होतं, दिसायला बरं होतं, एवढं खरं कारण. आणलं यष्टीतून. कंडक्टर बघतोय, वाकून बघतोय, म्हणतो, "आजोबा, बाळाची गाडी काय?" म्हटलं, "गवत कापायची." तो खिडकीतून बाहेर बघतो, दोन्ही बाजूला हिरवागार डोंगर, परत मशीनकडं बघतो, म्हणतो, "सगळं?"

मशीन आलं आणि चारच दिवसांत श्रुतिकाचा फोन आला. पहिलं बुकिंग. पुण्याच्या अनुपमाताई, नवरा आणि सासरे, शनिवारी दुपारी येणार, दोन रात्री राहणार. आणि त्यांनी खोल्या कशा हायत ते विचारलंच नाय. विचारलं, फोटोतली लॉन हाय ना? फोटो मे महिन्यातला. तेव्हा ती चटई होती. आता तीत कोंबडी शिरली तर अंडं घालूनच बाहेर यायची.

उघडीप बघत बसलो. बुध नाय, गुरु नाय, शुक्र नाय. शनिवारी सकाळी पाऊस जरा दम खायला थांबला, म्हटलं आता नायतर कधी नाय. पेट्रोल घातलं, दोरी ओढली, सुरू झालं हो पहिल्या फटक्यात, वाडीतली माणसं जमली, मी छाती काढून ढकललं. चार पावलं गेलो. खालून आवाज बदलला, आधी गुरगुर, मग घरघर, मग नुसतं हूं... आणि बंद. उलटं करून बघतो तर खाली गवताची चटणी. पाट्यावर वाटल्यासारखी. काढली, परत सुरू, परत चार पावलं, परत चटणी. असं सात वेळा. आणि चाकांनी चिखलात दोन चर पाडले ते वेगळेच, लॉनवरून बैलगाडी गेल्यासारखे.

तेवढ्यात हैबती त्याचं खांद्याचं कटर घेऊन आला. "दादा, हो बाजूला." म्हटलं, "हैबती, नको रे, टक्कल पडंल." पण त्याच्या कानाला फडकं बांधलेलं, त्याला काय ऐकू येणार. त्यानं बांध सवळतात तसं एका कडेनं सपासप सुरू केलं, आणि मी त्याच्या पुढं जाऊन हातवारे करीपर्यंत डाव्या बाजूची लॉन गेली. मुळासकट. खाली लाल माती. म्हणजे आता डाव्या बाजूला टक्कल, मध्ये चर, उजवीकडं जंगल. न्हाव्यानं अर्धं डोकं करून दुकान बंद केल्यासारखं. आणि पुण्याची माणसं ताम्हिणी घाट उतरलीत, असा श्रुतिकाचा मेसेज.

मी पायरीवर बसलो. तुम्हाला सांगतो, गवत हा काय साधा... नाय, तेव्हा हे पण सुचलं नाय. तेव्हा एवढंच वाटलं, की हे लोक गाडीतून उतरणार, हे बघणार, परत गाडीत बसणार, आणि माझा मुलगा कुरियरच्या हापिसातच म्हातारा होणार.

रखमा आतून आली. माझ्याकडं बघितलं, हैबतीकडं बघितलं, म्हणाली, "तुम्ही दोघं आत व्हा." एवढंच. पदर खोचला, माझी भावजय तुळसा, तिला हाक मारली, तुळसानं शेजारच्या प्रयागबाईला हाक मारली, पाच बायका झाल्या. पाच विळे. भात कापायला बसतात तशा ओळीनं बसल्या आणि गप्पा मारत मारत सरकायला लागल्या. मुठीत गवत, खाली विळा, मुठीत गवत, खाली विळा. सगळं एका उंचीचं, जमिनीच्या वर चार बोटं राखून. तिसरा हिस्सा का काय तो, त्यांना कोणी सांगितला नव्हता. टकलावर तुळसानं सरळ मडक्यातली झेंडूची रोपं आणून लावली. ओलं होतं म्हणून काय अडलं नाय.

शेवटचा कोपरा राहिला होता आणि गाडी आली. अनुपमाताई उतरल्या, काय बोलणार त्याआधी त्यांचे सासरे उतरले, बँकेतून रिटायर झालेले, बारीक चणीचे. ते उभेच राहिले. मग चपला काढल्या, अनवाणी लॉनवरून रखमापर्यंत गेले आणि म्हणाले, "वहिनी, विळा द्याल जरा?"

रखमा गोंधळली. मी ओटीवरून पळत गेलो, म्हटलं, "साहेब, तुम्ही बसा, चहा येतोय." ते म्हणाले, "आमचं घर आहे संगमेश्वराकडे. अकरा वर्षं बंद आहे. दारात एवढं गवत आहे की मागच्या वेळी आत जाताच आलं नाही. रस्त्यावरून बघून परत आलो."

रखमानं विळा दिला. ते बसले, आणि सांगतो, हात विसरला नव्हता. तो कोपरा त्यांनी पुरा केला. तिघं मग दोनाचे तीन दिवस राहिले, रखमाच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली, आणि जाताना मोबाइलवर काय काय लिहून गेले. अक्षयनं ते फोनवर वाचून दाखवलं. जेवण छान, माणसं छान, आणि हाताने कापलेली अशी लॉन आम्ही कुठेच पाहिली नाही. हे वाचून पुढच्या महिन्यात पाच पार्ट्या आल्या. त्यातल्या दोन पार्ट्यांनी तर आधीच विचारलं, आम्हाला विळा मिळेल का? म्हटलं मिळंल. तेवढं गवत राखून ठेवतो.

आणि दसऱ्याला अक्षयचा फोन आला, "बाबा, राजीनामा दिला." मी म्हटलं, बरं. परत गेलो म्हशीकडं. या वेळी ती उभी होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ तिथंच थांबलो.

दिवाळीच्या आधी आले दोघं, सामानासकट. ऊन पडलं होतं, गवत एकदाचं कोरडं, विनीतला पाहिजे होतं तसं. म्हटलं, अक्षय, आता हे तुझं राज्य, हे घे मशीन. त्यानं टोपी घातली, दोरी ओढली, लोण्यातून चालल्यासारखं मशीन चाललं, आणि दुसऱ्या फेरीला त्याला शिंक आली. मग दुसरी आली. मग मोजायच्या पलीकडं गेल्या, डोळे लाल, नाक भोपळ्याएवढं. महाडच्या डॉक्टरांकडं नेला. ते म्हणाले, कापलेल्या गवताची ॲलर्जी हाय. लहानपणी नव्हती, चौदा वर्षांत लागली. औषध घ्या, आणि गवतापासून लांब राहा.

तर आता असं हाय. मुलगा आलाय घरी, रोज दोन वेळा आमच्या ताटाला ताट लावून जेवतो, मला काय पाहिजे आणखी? लॉनला रोज पाणी घालतो म्हणून ती वाढतच राहते, मी दर रविवारी मशीन ढकलतो. आणि तो खिडकी बंद करून, नाकाला रुमाल लावून, काचेवर टकटक करतो आणि बोटानं दाखवतो... बाबा, तिकडं डाव्या बाजूला, झेंडूजवळ जरा राहिलंय.