माझ्या नावाने गेलेली ओळख

दिनांक १९ नोव्हेंबर, दुपार.

जबाब देणारीचे नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. कचेरीत आणि ग्राहकांत मला ओळखताई म्हणतात. बाकीचे लोक मला याच नावाने ओळखतील म्हणून तेही लिहिले. वय ४६. शिक्षण पदवीपर्यंत. धंदा नोकरी, कालपर्यंत. राहणार बाजारामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला.

मी समक्ष हजर होऊन, हवालदारांच्या परवानगीने माझ्याच अक्षरात लिहून देते की, आमच्या एका ग्राहकाच्या घरी अंथरुणावर असलेल्या आजींचा खांदा निखळला त्याला आठवडा उलटून गेला आणि मी आज येते आहे. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल प्रथम माफी मागते. आजींची मुलगी तक्रार करील असे मी धरून चालले होते. तिने ती केलेली नाही, हे नंतर कळले.

मी ज्या ब्युरोत काम करत होते तो अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी सेविका पाठवतो. नवी सेविका आली की ग्राहकांना ई-मेलने तिची ओळख करून देणे हे माझे काम. त्याची एक पद्धत मी घालून दिली होती. नव्या बाईला आधी एका ठरावीक घरी न्यायचे. तिथे एक निवृत्त ट्रकचालक आजोबा आहेत, कमरेखाली अधू, पण तोंडाने खणखणीत. त्यांना आम्ही परीक्षक म्हणतो आणि त्यांनाही ते आवडते. बाई त्यांना अंघोळ घालते, कपडे बदलते, खुर्चीत बसवते; मी तिथेच उभी राहून बघते. आजोबा पास म्हणाले आणि मलाही पटले, तरच मी बाकीच्या घरांना लिहिते. त्यात फोटो, फोन नंबर आणि मी डोळ्यांनी पाहिलेल्या एकदोन गोष्टी असतात. पाणी आधी स्वतःच्या हातावर ओतून बघतात. अंगाला हात लावण्याआधी सांगतात. इतकेच. त्यानंतर बाईला समोर बसवून ती ज्या घरी जाणार त्या माणसाची माहिती तोंडी द्यायची: कोणत्या कानाला ऐकू येते, कोणत्या अंगात ताकद नाही. म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी होते. माझा मेल आला म्हणजे हे सगळे झाले, असे ग्राहक समजतात. आजींची मुलगी शाळेत शिकवते. ती म्हणायची की तुझा मेल आला की मी किल्ली हातात देऊन निघते, मागे वळून बघत नाही.

ज्या सेविकेबद्दल हा जबाब आहे तिला मी गेल्या महिन्याच्या शेवटी परीक्षकांकडे नेले. तिने त्यांना मनगटाला धरून ओढून उठवले. आजोबा म्हणाले, "बाई, हात आहे तो, पिशवीचा बंद नाही." मी तिला काखेखाली आधार द्यायला सांगितले. ती म्हणाली, असं लाडाने उचलत बसले तर दुपारपर्यंत एकच म्हातारं आटपेल. आजोबांनी तिला नापास केले, पण पुन्हा परीक्षेला बसवा असेही सांगितले. ती दुष्ट आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. तिला घाई होती आणि कुणी शिकवलेले नव्हते. मी मालकांना सांगितले की आठवडाभर तिला जुन्या सेविकेबरोबर ठेवा, मग बघू. ते बरं म्हणाले.

त्यानंतर माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते म्हणून मी रजेवर गेले. त्याच काळात मालकांनी माझ्या कचेरीतल्या खात्यावरून, खाली माझे नाव ठेवून, या बाईची ओळख तीन घरांना पाठवली. काम सोडून गेलेल्या एका सेविकेबद्दल मी पूर्वी लिहिलेला मेल त्यांनी घेतला आणि फोटो तेवढा बदलला. हे मी शोधून काढलेले नाही. त्यांनी स्वतः मला सांगितले आणि सांगताना आवाजही खाली केला नाही.

आजींचे डावे अंग गेलेले आहे आणि वाचाही गेली आहे. समजते सगळे. मुलीने शाळेत मधल्या सुट्टीत मेल वाचला, दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला किल्ली दिली आणि निघाली. बाईने आजींना उठवताना डावा हात ओढला. त्या हाताला स्वतःला सावरायचे बळ नाही. खांदा निखळला. बाईने मालकांना फोन केला, मालक दवाखान्यात मुलीच्या आधी पोचले, आणि कागदावर पलंगावरून पडल्याने असे लिहिले गेले. आजींनी हे ऐकले असणार. त्या काय सांगणार होत्या?

मुलीचा फोन मला त्याच दुपारी आला. मी आईच्या डोळ्यात औषध घालत होते. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "तू लिहिलंस ना, की या बाई अंगाला हात लावण्याआधी सांगतात? मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं होतं." मी म्हटले की ते मी या बाईबद्दल लिहिलेले नाही. ती म्हणाली, खाली नाव कुणाचं आहे? मी म्हटले, माझं. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा फोन घेतलेला नाही आणि मी तिला दोष देत नाही.

रजा मोडून मी कचेरीत गेले आणि मालकांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की ब्युरो त्यांचा, कम्प्युटर त्यांचा, खाते त्यांचे, तेव्हा मेलही त्यांचाच. नाव तेवढे माझे, कारण लोकांना त्या नावाची सवय झाली आहे. पुढे म्हणाले, "अगं, ते मेल वाचतं कोण? फोटो बघतात आणि बरं म्हणतात." मी म्हटले, वाचतात म्हणून तर किल्ली देतात. त्यावर ते हसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी संतापून उठले आणि चहा न पिता बाहेर आले. तिन्ही घरांना खरे काय ते कळवा, एवढीच माझी मागणी होती. त्यांनी मला समजावले की पोलिसांकडे जाशील तर कागदावर पहिली तूच सापडशील. हे त्यांनी काळजीच्या सुरात सांगितले.

हवालदारांनी विचारले की तुमचे नेमके नुकसान काय झाले. याचे उत्तर देणे मला जड गेले. माझा राग आजींच्या खांद्यासाठी किती आणि माझ्या नावासाठी किती, हे मी स्वतःला बरेचदा विचारले आहे. सुरुवातीला नावासाठी जास्त होता, हे लपवत नाही. पण नंतर असे लक्षात आले की या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. माझ्या नावाचा उपयोग एकच होता, की एका मुलीने आईला परक्या बाईच्या हाती सोपवून निर्धास्त कामाला जावे. ते नाव चोरले म्हणजे तिचे दार उघडले. दार फोडले असते तर गुन्हा झाला असता. इथे ते तिनेच उघडून दिले, म्हणून ही कचेरीची अंतर्गत बाब म्हणायची काय, हे मला ठाऊक नाही. ठाण्यात ठरवावे.

त्या सेविकेला मालकांनी काढून टाकले आणि चूक तिची व ओळखताईची, असे ते ग्राहकांना सांगत आहेत. ती मला माझ्या घराच्या जिन्यात भेटली. भांडायलाच आली होती. "ताई, त्या बाजूचा हात गेलाय, हे मला सांगायला नको? पत्ता दिला आणि पाठवलं. मी काय ज्योतिष बघते?" ते तिला सांगणे हे माझेच काम होते आणि ती गेल्याचे मला माहीत नव्हते. मग ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्या पडल्या नाहीत. मी ओढलं. पडल्या असं सांग, हे साहेबांनी फोनवर शिकवलं." ती आत्ता बाहेर बाकावर बसली आहे. तिचाही जबाब घ्यावा. ती आपणहून आली आहे, मी ओढून आणलेले नाही.

मी आजच का आले तेही लिहिते. काल दुपारी माझ्याच नावाने आणखी एका नव्या बाईची ओळख गेली. मी तिला पाहिलेलेही नाही. एका काकांनी उत्तर पाठवले, आभारी आहोत ताई, उद्या नको, परवा सकाळपासून पाठवा. त्यांच्या पत्नी अंथरुणावर आहेत. मी काकांना फोन करून सांगितले की हा मेल माझा नाही. ते म्हणाले, "तुमचा मेल खरा धरू की तुमचा फोन?" त्या माणसाला असा प्रश्न पडावा, ही वेळ मालकांनी आणली. मी म्हटले, दोन्ही सोडा, मी स्वतः येते. हे मालकांना कळले. संध्याकाळी माझे खाते बंद झाले आणि निरोप आला की उद्यापासून येऊ नकोस. त्या खात्यावरून माझ्या नावाने यापुढे काय जाईल ते आता मला दिसणारही नाही.

तरी माझी विनंती अशी की त्या खात्यावरून माझ्या नावाने काही पाठवणे आजच्या आज थांबवावे, आणि आजींच्या कागदावरचा पडल्याने हा शब्द दोन्ही जबाब बघून तपासावा.

वरचा मजकूर मी हवालदारांना मोठ्याने वाचून दाखवला. संतापून हा शब्द जबाबात लागत नाही, तो काढा, असे त्यांनी सुचवले. तो घडला तसा आहे म्हणून मी काढलेला नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आणि खरे आहे. खाली सही केली आहे, ती माझीच.

उद्या: काकांच्या घरी, नवी बाई पोचायच्या आत पोचणे.