चेन कुठल्या बाजूला

बॅगांच्या दुकानात बिलासाठी ताटकळलेल्या शिक्षिकाबाईंच्या कानावर शेजारी उभ्या फोटोग्राफरचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं पडत होतं.

“चेन बाजूलाच हवी. पाठीवरून न उतरवता झटकन कॅमेरा निघाला पाहिजे.”

“अहो, पट्टे रुंद बघा. जुन्या बॅगेनं खांद्याची पार वाट लावलीय. झोपेत कूस बदलता येत नाही.”

“पट्ट्यांचं काय घेऊन बसलीस? फोटोची वेळ गेली की गेली!”

“साहेब, एकदा पाठीला लावून तर बघा,” दुकानदार म्हणाला.

“मी कशाला? हिला द्या.”

“बरं. वहिनी, नीट बसली का?”

“मला काय विचारता, भाऊ? चेन यांच्या हाताला येते का, ते बघा.”

“येते की!” तिच्या पाठीवरच्या बॅगेची चेन ओढत नवरा म्हणाला. “वा, याला म्हणतात आरामाची बॅग.”