टेकडीचा यंदाचा फोटो

उत्तरेकडच्या मुओनिओ गावात, बसथांब्यावर माझ्यामागे पन्नाशीचे बहीणभाऊ उभे होते. सप्टेंबर संपायच्या आतच बर्फ पडत होता.

"सोमवारी समोरची टेकडी पानं पिकून पिवळीधमक होती, टाउनो. तेव्हा फोटो का नाही काढलास?"

"वारा होता गं, राइली. तळ्यात प्रतिबिंब नीट येत नव्हतं."

"मंगळवारी?"

"ढग होते ना."

"आणि आज बघ, सगळं पांढरंफटक! वृद्धाश्रमात आई रोज विचारते, आपली टेकडी पिवळी झाली का. आता काय दाखवू तिला, तुझं डोकं?"

"गेल्या वर्षीचा दाखव. तिला कुठे काय लक्षात राहतंय!"

"गेल्या वर्षीच्या फोटोत बाबा आहेत."

"सगळ्याच फोटोंत?"

"सगळ्याच! झाडांचे म्हणून आईनेच काढलेत, आणि प्रत्येकात मधोमध बाबा. बघितले की विचारणार, हे कुठे गेलेत? मग पुन्हा मीच सांगायचं, आणि ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकणार."

"मग आता गं?"

"आता काय! काढ तो कॅमेरा बाहेर. बर्फाचाच घे. निदान बर्फावर चिडेल तरी."